भाजी समोर ठेवा, तोंडात कोंबू नका

पत्र : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. वरण-भात, बटाट्याची भाजी, बिस्किटं आणि दिवसातून तीन वेळा मोठा पेला भरून चॉकलेटची पावडर घातलेलं दूध, एवढ्यावर त्याचा दिवस जातो. दुसरी कुठलीही भाजी वाढली की ताट ढकलतो. भातात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी काढायला लावतो. मी नोकरी करते. दुपारी सासूबाई त्याला मोबाईलवर कार्टून लावून भरवतात, म्हणतात, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. मुलाच्या बाबांना स्वतःला वांगं, दोडका, पालेभाजी चालत नाही. रात्रीच्या जेवणाला रोज रडारड. "दोन घास भाजी खा, मग चॉकलेट देते" हे करून झालं. पालक वाटून पुऱ्या केल्या, त्या तो खायचा. एकदा त्याने मला पालक वाटताना पाहिलं, तेव्हापासून पुरीलाच हात लावत नाही. शाळेने डब्यात पोळी-भाजीच द्या असं सांगितलंय. धाकटी आठ महिन्यांची आहे, तिचंही असंच होईल का? आणि सासूबाईंना न दुखावता हे सगळं कसं सांगू?
— एक आई, चिंचवड

उत्तर :

ताई,

तुमच्या मुलाचं वागणं त्याच्या वयाला धरून आहे, हे आधी सांगते. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, आणि सगळ्यात जास्त बिचकतात ती भाजीला. पाळण्यातलं मूल पुढे येईल ते तोंडात घालतं. तेच चालायला-पळायला लागलं की एकेक पदार्थ नाकारायला लागतं. यामागे एक जुनं शहाणपण असावं असं अभ्यासक मानतात: आईच्या नजरेआड गेलेल्या मुलाने दिसेल तो पाला तोंडात घातला तर जिवावर बेतायचं, म्हणून अनोळखी आणि कडू चव थुंकून टाकणं हेच त्याच्या फायद्याचं होतं. शिवाय लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. तुम्हाला जी मेथी जराशी कडसर लागते, ती त्याला खरोखरच कडू लागत असेल. तो नाटक करत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं तरी ताटावरचा अर्धा ताण कमी होईल.

भुकेचंही तसंच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. त्यानंतर शाळेच्या वयापर्यंत वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि आपण मात्र "पूर्वी किती छान जेवायचा" हे मनात धरून बसतो.

आता दुधाकडे या, कारण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. तीन मोठे पेले म्हणजे सहाशे ते सातशे मिलिलिटर. दूध फुल क्रीम असेल तर साखर आणि पावडर धरून त्यातून सातशेच्या आसपास उष्मांक मिळतात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण साडेतेराशेची. म्हणजे निम्मं पोट पेल्यातच भरलं! वर बिस्किटं. मग रात्री आठला तो जेवायला बसतो तेव्हा त्याला भूक नसतेच, आणि भूक नसलेल्या मुलाला आपण त्याच्या सगळ्यात नावडत्या पदार्थासमोर बसवतो. दुधात लोह नावापुरतं असतं, आणि दूध फार झालं की जेवणातलं लोहही अंगी लागायला अडचण होते. म्हणून दूध आणि दही मिळून दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर जाऊ नका. दोन छोटे कप पुरेत. ते जेवणाच्या आधी तासभर नको, जेवणानंतर किंवा झोपताना द्या. पावडर हळूहळू कमी करत बंद करा. बिस्किटांचे पुडे घरात आणणंच कमी केलंत तर नाही म्हणायची वेळ येणार नाही. हे एवढं पंधरा दिवस पाळा. भाजीचा विषय तोवर काढूच नका.

जेवणाच्या वेळा बांधून घ्या: तीन जेवणं, दोन वेळचं मधलं खाणं, आणि मध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही. साडेसहाला हातात आलेलं एक बिस्किट आठच्या जेवणाची भूक मारतं.

दुसरी गोष्ट बळजबरीची. अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना भोपळ्याचं आणि मक्याचं सूप द्यायचे. एका सूपच्या वेळी बाई शांतपणे म्हणत राहायच्या, "सूप संपव हं." दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हणायच्या नाहीत. मुलांनी जास्त सूप खाल्लं ते कोणी काही म्हणत नव्हतं तेव्हा, आणि "शी, मला नको" असले शेरे जास्त आले ते आग्रह चालू असताना. हा सौम्य शब्दातला आग्रह होता. आपल्याकडे तर बुवा येईल म्हणून भीती घालण्यापर्यंत आणि गाल दाबून घास आत सारण्यापर्यंत मजल जाते. तसं गिळलेल्या घासाने पोटात चार वाटाणे जातात खरे, पण वाटाणा दिसला की अंग आखडून घ्यायचं हेही मूल शिकतं.

"भाजी खाल्लीस तर चॉकलेट" यातून मूल एकच धडा घेतं: भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. लीन बर्च या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की एखादा पदार्थ खाण्याबद्दल बक्षीस दिलं की मुलाला तो पदार्थ पूर्वीपेक्षा कमी आवडायला लागतो. गोड द्यायचं त्या दिवशी ते जेवणाबरोबरच ताटात वाढा, आपल्या सणाच्या पानात वाढतात तसं. भाजी खाल्ली काय, न खाल्ली काय, त्याची एक शंकरपाळी त्याला मिळेल. आठवड्याभरात गोडाची किंमत आपोआप उतरते.

मग करायचं काय? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी पालक आणि मूल यांच्यात कामाची एक वाटणी सांगितली आहे. इतक्या वर्षांत मला तिच्याहून उपयोगी नियम सापडलेला नाही. काय रांधायचं, किती वाजता वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं हे घरातली मोठी माणसं ठरवणार. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे मूल ठरवणार. दोघांनीही एकमेकांच्या वाट्यात हात घालायचा नाही. तुमच्या घरात आत्ता अगदी उलटं चाललंय. काय रांधायचं हे साडेचार वर्षांचा मुलगा ठरवतो (त्याच्यासाठी रोज वेगळी बटाट्याची भाजी होते, हो ना?) आणि त्याने किती खायचं हे आजी ठरवते.

सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करा. त्याला चालणारी एक तरी गोष्ट पानात असू द्या. वरण-भात असतोच, त्यामुळे उपाशी उठायची भीती नाही. भाजी त्याच्या ताटात सगळ्यांसारखीच वाढा, पण अगदी कमी: दोन वाटाणे, दुधीची एक फोड, चहाच्या चमच्याभर मेथी. एवढीशी दिसली की त्याला धसका बसत नाही. त्याने ती बाजूला सारली तर म्हणा, "बरं, राहू दे." पुढे काही नाही. सुस्कारा नको, "बघ, शेजारची ताई कशी खाते" नको, नजर रोखणं नको. चुकून खाल्ली तर टाळ्याही नकोत. त्याने भात मागितला तर भात वाढा, भाजी संपली नाही म्हणून अडवू नका. तो उठला की ताट उचला, पुढचं खाणं पुढच्या वेळेला. पहिले चार-पाच दिवस तो वरण-भाताशिवाय काही खाणार नाही आणि तुमचा जीव खालीवर होईल. होऊ द्या.

एखादी नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळी "याला नाही आवडत" असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्याच्या ताटातून कायमची जाते. आधी नुसतं बघणं, मग हात लावणं, मग वास घेणं, मग जिभेने चाटून ताटात परत टाकणं, या सगळ्या पायऱ्याच आहेत. चावून थुंकलं तरी रागावू नका. ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवा आणि सांगा की नको वाटलं तर यात टाक. टाकायची मुभा असली की मुलं चाखायला घाबरत नाहीत.

बक्षिसाबद्दल वर जे लिहिलं त्याला एक अपवाद आहे. लंडनमधल्या संशोधकांनी जेवणाची वेळ सोडून, दिवसातून एकदा, नखाएवढा तुकडा नुसता चाखायचा आणि चाखला की एक स्टिकर, असा प्रयोग घराघरांत केला. रोज तीच भाजी, साधारण दोन आठवडे. त्यातून मुलांची आवड वाढलेली दिसली. स्टिकर खायची वस्तू नाही आणि तुकडा क्षुल्लक असतो, म्हणून हे जमत असावं. तुम्हाला करायचं तर गाजर किंवा फरसबी घ्या. कारल्यापासून सुरुवात नको.

आता तुमच्या यजमानांना जरा स्पष्ट सांगते, हा भाग त्यांना वाचून दाखवा. दादा, तुम्ही ताटातली वांग्याची फोड बोटाने कडेला सारता तेव्हा तुमचा मुलगा ते बघत असतो. आईने कितीही समजावलं तरी त्याला बाबांसारखं व्हायचंय. तुम्हाला वांगं आवडायलाच हवं असं नाही. पण नावडती भाजी एक चमचा वाढून घेणं, मुकाट्याने खाणं आणि "मला नाही चालत" हे वाक्य मुलासमोर न उच्चारणं, एवढं तुमच्याकडून हवंच. भाजी खाऊ घालणं हे एकट्या आईचं काम करून ठेवलं की ती रोज रात्री खलनायिका ठरते. हा अन्याय आहे. शनिवारी सकाळी मंडईत मुलाला तुम्ही घेऊन जा. पिशवी त्याच्या हातात द्या. एक भाजी त्याला निवडू दे, मग ती कुठलीही असो, आणि ती त्याच दिवशी घरी होऊ दे.

स्वयंपाकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मराठी स्वयंपाकघराकडे जे आहे ते परदेशी सल्ल्यांत सापडत नाही.

त्याला बटाटा आवडतो. कुठल्या रूपात? काचऱ्या आवडत असतील तर वाट सोपी आहे. बटाट्याच्या काचऱ्यांसारख्याच पातळ, तशाच हळद-मोहरीच्या फोडणीत परतलेल्या सुरणाच्या किंवा कच्च्या केळ्याच्या काचऱ्या करा. रंग तोच, कुरकुरीतपणा तोच, चव किंचित वेगळी. (सुरण आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात घालून ठेवा, नाहीतर घसा खाजेल आणि तो पुढे वर्षभर सुरणाकडे बघणार नाही.) पुढे लाल भोपळा, मग तोंडलं, मग दोडका. बटाट्याची पिवळी सुकी भाजी आवडत असेल तर तिच्यात आधी मटार, मग फ्लॉवरचे तुरे येऊ द्या, लपवून नाही, दिसतील असे. त्याने वेचून काढले तरी चालेल. वेचताना हात तर लागला.

वरण त्याला चालतं हा दुसरा धागा. साध्या वरणाच्या शेजारी शेवग्याच्या शेंगांची आमटी करा. शेंग हातात धरून चोखायची, गर ओढायचा, चोयटी ताटात टाकायची, हे मुलांना फार आवडतं, आणि इथे ताट घाण केलं म्हणून कोणी ओरडतही नाही. त्याच वाटेने डाळ घालून केलेली पालकाची पातळ भाजी येते. चाकवत, चुका, अळू यांच्या आपल्या पातळ भाज्या मला मुलांसाठी सगळ्यात योग्य वाटतात. ताक किंवा चिंच, जरासा गूळ, डाळीचं पीठ लावून घोटलेलं, मध्ये शिजलेले शेंगदाणे. शेंगदाणे मऊ शिजलेले हवेत आणि मुलाच्या वाटीतले चेचून घाला. अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. पालेभाजी नुसती लसणावर परतली की तिचा कडसरपणा आणि धागे दोन्ही दातांखाली येतात. घोटलेल्या भाजीत हे दोन्ही जातात. गुळाचा खडा सुपारीएवढा पुरे, गोडमिट्ट नको.

बहुतेक मुलांचं भांडण चवीपेक्षा स्पर्शाशी असतं. भेंडीच घ्या. भेंडी चिकट झाली की कोवळं तोंड ती नाकारणारच. अख्खी भेंडी धुऊन फडक्याने एकेक कोरडी पुसा, मगच चिरा, सुरीला पाणी नको. लोखंडी कढईत तेल जरा सढळ घाला, मोहरी-जिरं तडतडलं की भेंडी टाका आणि झाकण अजिबात ठेवू नका. पहिली पाच मिनिटं उलथनं कमी घाला. दोन आमसुलं किंवा थोडं लिंबू तार मोडतं. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पाणी सुटतं. कडा तपकिरी होऊन किंचित कुरकुरल्या की कढई उतरवायची. अशी भेंडी मुलं बोटांनी उचलून खातात. गवार धागे नीट काढून बारीक मोडून घ्या, घेवड्याच्या दोन्ही शिरा काढा. वांगं फोडीपेक्षा भरताच्या रूपात, दही घालून, लवकर चालतं. फोडणीतल्या तेलाला घाबरू नका. पालेभाजीतलं आणि गाजरातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच. आणि ताटाच्या डाव्या बाजूची लिंबाची फोड पालेभाजीवर पिळायची सवय लावा. तिच्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

संध्याकाळी सात-साडेसातला, कुकर लावलेला असताना, तो "आई, भूक" म्हणत पायांत घोटाळतो ना? ती वेळ सोन्याची. मध्ये पाण्याशिवाय काही नाही, या नियमाला इथे एवढी सूट. ओट्याशेजारी त्याच्या उंचीला येईल तिथे एका ताटलीत काकडीचे लांब काप, टोमॅटोच्या चकत्या, वाफवलेल्या गाजराचे बोटभर तुकडे आणि मिठाची चिमूट ठेवा. ताटली त्याच्या हातात देऊ नका, नुसती तिथे ठेवा. अमेरिकेतल्याच एका पाळणाघरात जेवणाआधी नुसतं गाजर ठेवलं तर मुलांनी एकूण गाजर जास्त खाल्लं, असं दिसलं होतं. भुकेच्या वेळी समोर दुसरं काही नसणं हेच कारण. कच्च्या गाजराचे जाड तुकडे मात्र नकोत, तेही घशात अडकतात. बीट किसून दह्यातली कोशिंबीर केलीत की गुलाबी रंगावर मुलं खूश असतात. दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर दिसली तर घाबरू नका, ते बीटच असतं.

पालकाच्या पुरीचं काय? तुम्ही पुऱ्या बंद करू नका, लपवणं बंद करा. त्याला राग पुरीचा नाही, फसवल्याचा आहे. त्याला स्टुलावर उभं करून पालकाची पानं त्याच्या हाताने मिक्सरच्या भांड्यात टाकू द्या, कणकेत हिरवा रंग उतरताना बघू द्या, आणि सांगा की ही पालकाची पुरी. खाईल तेव्हा खाईल. थालीपिठात किसलेला दुधी, धपाट्यात मेथी, लाल भोपळ्याचे घारगे, कोथिंबीर वडी हे सगळं करा, नाव घेऊन करा. पण रोजची भाजी फक्त पिठात जिरवून दिली तर भाजीची ओळख होतच नाही. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस तरी ती भाजी म्हणूनच दिसू द्या.

मेथी निवडायचं काम तर मुद्दाम त्याला द्या, आजीच्या शेजारी बसवून. सुरुवातीला तो पानं फेकेल, देठ गोळा करेल. तासाभराचं काम दीड तासाचं होईल. पण बोटांना हिरवा वास लागलेला असतो, आणि रात्री ताटात आलेली मेथी "मी निवडलेली" असते.

तोवर अंगात जीवनसत्त्वं जाणार कुठून, ही काळजी रास्त आहे. फळं द्या. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. पपई आणि आंब्यातून अ जीवनसत्त्व मिळतं. मोड आलेली मटकी, मूग, हरभरे, दाण्याचं कूट, आणि खात असाल तर अंडं, मासे. भाजीशी मैत्री व्हायला काही महिने लागले तरी तेवढ्यात त्याचं काही बिघडत नाही.

डब्याबद्दल: डबा ही प्रयोगाची जागा नव्हे. शाळेत वीस मिनिटं असतात, आजूबाजूला गोंगाट असतो, अनोळखी पदार्थ तिथे कोण खाणार? घरी ज्याच्याशी ओळख झालीय तेच डब्यात द्या. सध्या पोळी आणि त्याच्या आवडीच्या बटाट्याच्या काचऱ्या, घरी सुरणाशी ओळख झाली की त्यात चार काप सुरणाचे. शाळेचा नियमही पाळला जाईल. डबा परत आला तर दारातच "का नाही खाल्लास?" ही चौकशी नको.

धाकटीचं तसंच होईल असं मुळीच नाही, उलट तिच्या बाबतीत तुमच्याकडे सगळ्यात चांगली वेळ आहे. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं नव्या चवी सहज घेतात. तिला एकेक भाजी वेगळी, ओळखू येईल अशी द्या: आज लाल भोपळा, उद्या फरसबी, परवा पालक. मीठ-साखर नको. सगळं गाजर-सफरचंदात मिसळून गोड करू नका, नाहीतर ती गोडच शिकेल. तोंड वाकडं केलं म्हणजे नावडलं असं समजू नका. एका अभ्यासात बाळांना आठ दिवस रोज फरसबी दिली, तर त्यांची तोंडं शेवटपर्यंत वेडीवाकडी होत राहिली, पण खाणं मात्र वाढलं. आणि सगळं मिक्सरमधून काढणं आता बंद करा. आठव्या-नवव्या महिन्यात भात, भाजी हाताने कुस्करून, बारीक गाठी राहतील अशी द्यायची. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांच्या नोंदींवरून असं दिसलं की नऊ महिन्यांनंतरही ज्यांना गाठीचं अन्न मिळालं नव्हतं, ती मुलं सात वर्षांची झाली तरी भाज्या-फळं कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारीही जास्त होत्या.

मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून या. तुम्ही त्याचं वजन-उंची लिहिलेली नाही. वाढीचा तक्ता बघितला की पाच मिनिटांत कळतं की तो स्वतःच्या रेषेवर चाललाय की घसरतोय. रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. दूध जास्त आणि पालेभाजी-कडधान्य कमी, हे रक्तक्षयाला आमंत्रणच. माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, सारखा दमत असेल, शौचाला खडा होत असेल तर जाणं लांबवू नका. दर घासाला ओकारी येणं, घास गालात धरून बसणं, चालणाऱ्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत जाणं, ही लक्षणं असतील तर प्रश्न भाजीपुरता नसतो. त्यासाठी खाण्याच्या अडचणींवर काम करणारे थेरपिस्ट असतात, डॉक्टर पाठवतील. लोहाचं औषध मात्र स्वतःच्या मनाने आणून देऊ नका.

राहिल्या सासूबाई. त्या नातवाला भरवतात म्हणून तुम्ही निर्धास्त नोकरी करू शकता. त्यांना एकच भीती आहे, मूल उपाशी राहील ही. त्यामुळे "आई, तुम्ही मोबाईल लावून भरवता म्हणून तो असा झालाय" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये. त्यांच्याशी बोलायचं ते त्यांच्या मुलाने, डॉक्टरांकडून आल्यावर, वजनाचा कागद हातात घेऊन: "आई, वजन ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, दूध कमी करा आणि मोबाईलशिवाय जेवू द्या. आठ दिवस करून बघू." मोबाईल जेवणापुरता सगळ्यांचाच बंद, तुमचाही.

आणि त्यांना एक विनंती करा. दुपारी त्या बहुधा नातवाला आधी भरवत असतील आणि मग स्वतः एकट्या, उशिरा, गार झालेलं जेवत असतील. बहुतेक घरांत आजीचं असंच चालतं. त्यांनी साडेबाराला आपलं ताट त्याच्या ताटाबरोबरच वाढून घ्यावं आणि गरम गरम जेवावं. त्यांच्या ताटात भाजी, कोशिंबीर सगळं असतं, ते त्याला रोज समोर दिसेल. त्यांचा उजवा हात त्यांच्या जेवणात गुंतलेला असेल, त्यामुळे तो आपल्या हाताने जेवायला लागेल, सांडत-लवंडत. खाली जुनं वर्तमानपत्र घाला. भरवू नका असं त्यांना वेगळं सांगायची वेळ बहुधा येणारच नाही.